पट 14, पण वर्ग तीन: निरीक्षणगृहातल्या शाळेचा हिशेब

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. जूनपासून तुम्ही निरीक्षणगृहातल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथल्या, शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक झालात. शिक्षक दोन, त्यातले एक तुम्हीच. पट कधी 9, कधी 26. केंद्रप्रमुख म्हणतात, पट दाखवा नाहीतर पद जाईल. गृहाचे अधीक्षक म्हणतात, मुलं आमची, तुम्ही फक्त शिकवा. यातून मार्ग काढायला पट वाढवायचा कसा आणि शिक्षक किती मागायचे, असं तुम्ही विचारलंय.

अशाच एका शाळेत माझी 23 वर्षं गेली. त्या अनुभवावरून आधी एक सांगतो आणि मग तुमच्या आकड्यांकडे येतो. पट वाढवणं हा तुमचा प्रश्नच नाही. आपल्याकडे पट वाढला म्हणजे शहरात काहीतरी बिघडलंय. बाल न्याय अधिनियम 2015 ची सगळी ओढ मुलाला घरी पाठवण्याकडे आहे. कलम 12 जामीन देण्याकडे झुकलेलं आहे. कलम 14 म्हणतं, बाल न्याय मंडळासमोर मुलगा पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत चौकशी संपवा, फार तर आणखी दोन महिने घ्या. म्हणजे मंडळ, परिविक्षा अधिकारी (मुलाच्या घरच्या परिस्थितीची चौकशी करणारे) आणि गृह या सगळ्यांनी आपापलं काम नीट केलं तर तुमचा वर्ग रिकामा होत जाणार. आणि संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं मंजूर करण्याची पद्धत, बघते ती 30 सप्टेंबरला किती मुलं पटावर होती एवढंच. जिथे रिकामं होणं हेच चांगलं लक्षण, तिथे भरलेल्या बाकांवर पदं मोजली जातात. खरा गुंता इथे आहे. पट फुगवून तो सुटत नाही. 2011 च्या ऑक्टोबरातली पटपडताळणी, म्हणजे राज्यभर झालेली मुलांची प्रत्यक्ष मोजणी, आठवत असेल तर फुगवलेल्या पटाचं पुढे काय होतं हे मी सांगायला नको.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते बघू. तुम्ही प्रश्नात लिहिलं नाहीत, पण तुमच्या शाळेचा मालक कोण? गृह शासकीय आहे की जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटनेचं? शाळेला स्वतःचा यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला ओळखक्रमांक) आहे, की शेजारच्या जिल्हा परिषद किंवा नगरपालिका शाळेचे शिक्षक तुमच्याकडे येऊन शिकवतात? तुमचा पगार शालार्थमधून, म्हणजे शिक्षण खात्याच्या वेतनप्रणालीतून, निघतो की महिला व बालविकास विभागातून? शालार्थमधून निघत असेल तर तुम्ही संचमान्यतेच्या जात्यात आहात. बालविकासकडून निघत असेल तर केंद्रप्रमुखांचा धाक निम्मा पोकळ आहे, मात्र तिथे पदं रिकामी राहण्याचं दुखणं वेगळं. आणखी एक. एकाच आवारात काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांचं बालगृहही असेल, तर ती मुलं वर्षानुवर्षं राहतात आणि त्यांच्यामुळे पट टिकतो. नुसतं निरीक्षणगृह असेल तर तुमची शाळा म्हणजे एसटी स्टँड. आणि विशेष गृह असेल, म्हणजे मंडळाने अंतिम आदेश करून तीन वर्षांपर्यंत ठेवलेली मुलं, तर पुढे लिहिलेलं निम्मं तुम्हाला लागू नाही. तिथे दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम बसवता येतो. तुमचा पट 9 आणि 26 च्या मधे हेलकावतोय, त्यावरून मी निरीक्षणगृहच धरतो.

मी रुजू झालो तेव्हा हजेरीपटाशिवाय काही नव्हतं. तिसऱ्या वर्षी दोनशे पानी साधी वही घेऊन मी तिला ये-जा वही म्हणू लागलो. आलेली तारीख, वय, शेवटची शाळा आणि इयत्ता, प्रत्यक्ष वाचता-लिहिता किती येतं, गेलेली तारीख, कुठे गेला. नाव लिहायचं नाही, गृहाचा नोंदणी क्रमांक लिहायचा. वर्ष संपल्यावर बेरीज केली तेव्हा मीच चक्रावलो. रोजची हजेरी सरासरी 14 धरा, मुक्काम सरासरी 45 दिवस. 14 गुणिले 365 म्हणजे 5110, भागिले 45, साधारण 114. म्हणजे पटावर 14 दिसणारी शाळा वर्षभरात 114 मुलांना हाताळते. प्रत्येकाची पहिल्या दिवशीची चाचणी, त्याच्या जुन्या शाळेशी पत्रव्यवहार, जाताना द्यायचं प्रगतीपत्र, हे 14 वेळा नाही, 114 वेळा करावं लागतं. हा आकडा काढून दाखवेपर्यंत वरच्या कार्यालयात कुणालाच ठाऊक नसतो, कारण त्यांच्या तक्त्यात त्याला रकानाच नाही.

आणि ही सरासरीही फसवी आहे. माझ्या वहीतला एक गर्दीचा महिना सांगतो. 19 मुलं आली. त्यातली 12 दहा दिवसांच्या आत जामिनावर गेली. 4 महिना-दोन महिने राहिली. 3 राहिली ती राहिलीच. गंभीर गुन्हा, वय 16 च्या पुढे, खटला प्रौढासारखा चालवायचा का हे ठरवणाऱ्या प्राथमिक मूल्यांकनाची भानगड, घरचं कुणी न्यायला येत नाही. ती तिघं मला पुढच्या उन्हाळ्यातही समोर दिसत होती. म्हणजे एकाच खोलीत दोन शाळा चालतात. एक आठवडाभराची, एक वर्षभराची. दोन्हींना एकच वेळापत्रक लावलंत की आठवडाभराचा मुलगा कंटाळतो आणि वर्षभराचा तोच 'अ ते ज्ञ' दहाव्यांदा ऐकतो. मी आठवडाभराच्यांसाठी सात स्वतंत्र पाठ बांधले होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, कुठूनही सुरू करा. बँकेची पावती भरणं, औषधाच्या पट्टीवरची तारीख वाचणं, नकाशात आपला तालुका शोधणं, मंडळासमोर आपलं म्हणणं कसं मांडायचं त्याचं लेखन. हा शेवटचा पाठ मुलांना सगळ्यांत आवडायचा. का, ते उघड आहे.

आता प्रवेश. इथे नव्या माणसाकडून सगळ्यांत जास्त नुकसान होतं, आणि माझ्याकडूनही झालंय.

मुलगा आला की त्याचं नाव आपल्या पटावर घ्यायचा मोह होतो. विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरात. पण बहुतेक मुलांचं नाव आधीच कुठल्यातरी शाळेत असतं. तुम्ही पोर्टलवर विनंती पाठवता, जुनी शाळा मान्य करते, मुलगा तुमच्याकडे वर्ग होतो. नवव्या दिवशी तो जामिनावर सुटतो. आता त्याचं नाव तुमच्याकडे आहे, तो 60 किलोमीटर लांब आहे, आणि जुन्या शाळेने हात वर केलेत. तुम्ही सोडलंत की तो यू-डायसच्या ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे कुठल्याच शाळेत नसलेल्यांच्या यादीत, पडतो, आणि तिथून त्याला बाहेर काढायला कुणीतरी पाठपुरावा करावा लागतो. आई धुणीभांडी करणारी, बाप नाही. कोण करणार? आपल्या पटाच्या एका आकड्यासाठी आपण मुलाला शाळाबाह्य करून ठेवतो.

म्हणून माझा नियम असा झाला: नाव जुन्या शाळेतच राहू द्यायचं. पहिल्या तीन दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्यांमार्फत त्या मुख्याध्यापकांना पत्र जायचं की हा विद्यार्थी अमुक तारखेपासून शासकीय व्यवस्थेत शिक्षण घेत आहे, त्याचं नाव कमी करू नये. गुन्ह्याचा उल्लेख नाही, 'निरीक्षणगृह' हा शब्द नाही. सुटताना हजेरीचे दिवस आणि झालेला अभ्यास बंद पाकिटात. सलग महिनाभर गैरहजर राहिला की मुलगा शाळाबाह्य धरला जातो, म्हणून पत्राला उशीर चालत नाही. आणि गंमत सांगतो, या पत्राला मुख्याध्यापकांकडून क्वचितच नकार आला. त्यांनाही 30 सप्टेंबर आहेच की!

तुमच्या पटावर घ्यायची ती उरलेली मुलं: कुठेच नाव नसलेली, नाव केव्हाच कमी झालेली, किंवा तीन-चार महिने नक्की राहणार असं परिविक्षा अधिकारी सांगतात अशी. चौदा वर्षांखालच्यांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम 4 लावा, म्हणजे वयानुरूप वर्ग आणि विशेष प्रशिक्षण. दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडत नाही, कलम 5 तसं स्पष्ट सांगतं. पण तुमच्याकडची बहुसंख्य मुलं 15 ते 17 ची असणार आणि शिक्षण हक्क कायदा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यांच्यासाठी बाल न्याय कायद्याचं कलम 53 वापरा. संस्थेने द्यायच्या सेवांत शिक्षण, पूरक शिक्षण आणि गरजेप्रमाणे विशेष शिक्षण तिथे नोंदलेलं आहे, आणि त्याला चौदाची मर्यादा नाही. पत्रव्यवहारात लोक सवयीने शिक्षण हक्क कायदा लिहितात आणि समोरचा कारकून 'वय 16, लागू नाही' असा शेरा मारून मोकळा होतो.

दाखल्याची गोष्ट आता सांगतोच. माझ्या पाचव्या-सहाव्या वर्षी एक मुलगा आमच्याकडून आठवी झाला. दाखला आमच्या शाळेचा, त्यावर गृहाच्या नावाचा गोल शिक्का. मी सवयीने मारला होता. दीड वर्षाने तो दारात उभा. एका संस्थेत प्रवेशाला गेला होता. खिडकीतल्या माणसाने शिक्का वाचला, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं काहीतरी बोलला, आणि हा कागद घेऊन परत आला. माझ्यावर चिडला नाही. फक्त म्हणाला, 'सर, शिक्का न मारता दुसरा मिळेल का?' कलम 74 मुलाची ओळख उघड करू नका म्हणतं, ते आपण वर्तमानपत्रांसाठी आहे असं समजतो. मी ती ओळख गोल शिक्क्यानेच उघड केली होती. तुमच्या शाळेच्या नावात, शिक्क्यात, प्रगतीपत्राच्या माथ्यावर गृहाचं नाव असेल तर पट आणि पदं राहू द्या बाजूला, आधी ते बदलून घ्या. 'प्राथमिक शाळा क्रमांक अमुक' एवढं पुरतं.

आणखी एक सापळा जन्मतारखेचा. कलम 94 प्रमाणे मुलाचं वय ठरवताना पहिला पुरावा शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र. ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. आपल्या राज्यात गुरुजींनी दिलेल्या 1 जूनच्या जन्मतारखा किती आहेत हे तुम्हाला माहीतच आहे. इथे त्या 1 जूनवर मुलगा बालक ठरतो की नाही हे ठरू शकतं. तेव्हा मुलाने तोंडी सांगितलेली तारीख जनरल रजिस्टरात शाईने चढवू नका. जुन्या शाळेचा उतारा येईपर्यंत तो रकाना पेन्सिलीनेही भरू नका. माझं रजिस्टर एकदा मंडळासमोर मागवलं गेलं होतं. तो रकाना कोरा होता आणि शेजारी 'उतारा अप्राप्त, स्मरणपत्र दिले' असं तारखेनिशी लिहिलेलं होतं, म्हणून माझी सुटका झाली.

प्रवेशाबद्दल एवढं पुरे. नाव जिथलं तिथे, तुमच्या पटावर फक्त वर सांगितलेली उरलेली नावं, आणि कामाचा खरा आकडा ये-जा वहीत. या तिसऱ्या आकड्यावरच शिक्षक मागायचे आहेत.

शिक्षक किती, हे मुलांच्या संख्येवर फारसं अवलंबून नाही. अतिशयोक्ती वाटेल, पण हिशेब बघा. कलम 47 सांगतं की निरीक्षणगृहातल्या मुलांना वय आणि लिंग यांप्रमाणे वेगळं ठेवा, शारीरिक-मानसिक स्थिती आणि आरोपाचं स्वरूप लक्षात घ्या. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत वयाचे गटही आहेत: 7 ते 11, 12 ते 16, 16 ते 18. म्हणजे तुमची 14 मुलं एका फळ्यासमोर बसवणंच मुळात नियमात बसत नाही. झोपायला वेगळे हॉल आणि वर्गात मात्र खांद्याला खांदा, असं आम्ही कित्येक वर्षं केलं. त्याचे परिणाम मधल्या सुट्टीत दिसायचे. 11 वर्षांचं पोर 17 वर्षांच्या 'भाई'ची पाण्याची बाटली भरून आणताना दिसलं की समजा, तुमच्या वर्गात वेगळाच अभ्यासक्रम चालू आहे.

त्यात पातळीची भर. इयत्ता काय हे मुलाला विचारू नका, किंवा विचारा आणि विसरा. एक मुलगा आठवतो, वय 16, दाखल्यावर नववी. वाचायची पाळी आली की त्याला लघवीला लागायची. दोन दिवस मी जाऊ दिलं. तिसऱ्या दिवशी पुस्तक बाजूला ठेवून स्वयंपाकघरातली किराण्याची यादी त्याच्या हातात दिली. म्हटलं, मला चष्मा सापडत नाही, आचारीकाकांना वाचून दाखव. 'तूरडाळ' बरोबर वाचलं, कारण ती पहिलीच असते. 'तेल' बरोबर. 'तिखट'ला 'तीळ' म्हणाला. 'पोहे', 'रवा' ठीक. 'शेंगदाणे'ला थांबला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, 'साबुदाणे.' म्हणजे पहिलं अक्षर आणि शब्दाची लांबी बघून अंदाज चालला होता. नववीचा विद्यार्थी दुसरीच्या पायरीवर उभा होता आणि ते झाकण्यात पटाईत होता. आणि याच मुलाला गाडीच्या सुट्या भागांच्या किमती तोंडपाठ, चार भाग मिळून किती हे तो माझ्याआधी सांगायचा. लेखी वजाबाकीत हातचा मात्र नाही. 'असर' या वाचन-पाहणीतल्या चाचणीसारखी अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी साधी शिडी ठेवा, पंधरा मिनिटांत काम होतं. पण यादी किराण्याचीच वापरा, पुस्तक बघून ही मुलं आक्रसतात. त्या मुलाला मी रोज सकाळी आचाऱ्याबरोबर सामान मोजून घ्यायचं काम दिलं. सहा आठवडे तो यादी वाचत होता. सातव्या आठवड्यात जामीन झाला. पुढचं मला माहीत नाही.

तर 14 मुलांत तीन वयोगट, आणि प्रत्येकात वाचता न येणारा एक आणि दहावीचा फॉर्म भरायचा आहे असा एक. इथे दोन शिक्षक म्हणजे प्रत्यक्षात दीड, कारण मुख्याध्यापकाची निम्मी सकाळ कागदात जाते. त्यातला एक प्रशिक्षणाला, बीएलओच्या (मतदारयादीच्या) कामाला किंवा आजारी पडला की उरतो एक. मोठ्या शाळेत एक शिक्षक गैरहजर असला तर दोन वर्ग एकत्र बसवतात. आपल्याकडे एकत्र बसवणं हाच धोका आहे. माझ्या मते निरीक्षणगृहात पट पाच असो की पंचवीस, तिघांच्या खाली शाळा चालत नाही. चौथा लागतो तो मुलं वाढली म्हणून नाही, तर मुलींचं निरीक्षणगृह जोडलेलं असेल तर. तिथे बहुधा एक-दोन मुली असतात आणि कुणीच त्यांना शिकवायला जात नाही. माझ्या काळात त्या एक-दोघींकडे माझंही दुर्लक्ष झालं, हे कबूल करतो.

हे तिघे कोण असावेत? एक असा, ज्याला सोळा वर्षांच्या मुलाला अपमान न वाटता बाराखडी शिकवता येते. हे कौशल्य दुर्मिळ आहे आणि कुठल्याच पदवीत येत नाही; बालवाडीची गाणी गाऊन घेणारा शिक्षक इथे पहिल्या तासाला हरतो. दुसरा गणित-विज्ञानाचा, दहावीपर्यंत नेणारा. तिसरा हातकामाचा: वायरमन, सुतार, शिवण, काहीही, पण रोज येणारा. आठवड्यातून एकदा येणारा निदेशक म्हणजे मुलाच्या मुक्कामात एकदाच भेटणारा पाहुणा. समुपदेशकाला शिक्षकांत मोजू देऊ नका. अधीक्षक हमखास सुचवतील, 'त्या मॅडम आहेतच ना, त्या एक तास घेतील.' मॅडमनी तास घेतला की त्या मुलांच्या नजरेत शिक्षिका होतात, आणि जे शिक्षकांना सांगत नाहीत ते मग त्यांनाही सांगत नाहीत.

कागदावर अडचण अशी, की आदर्श नियमांतल्या कर्मचारी तक्त्यात शिक्षकाचं पद अर्धवेळ किंवा स्वयंसेवी धरलंय. हे वाचून वरचे लोक म्हणतात, मग स्वयंसेवक आणा. स्वयंसेवकांचा अनुभव सांगतो. राखीपौर्णिमा आणि 15 ऑगस्टला रीघ लागते, सोबत कॅमेरे. फोटो काढू देऊ नका, इथेही कलम 74 आहेच. उत्साही तरुण दोन महिने येतात आणि परीक्षेच्या काळात गायब होतात, आणि एकदा विश्वास टाकलेल्या मुलाला ते झोंबतं. मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडले ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. रोज दोन तास, अकरा वर्षं, सायकलवरून. त्यांची चारित्र्य पडताळणी करायची म्हटल्यावर हसले होते, पण करून घेतली. तुम्हीही प्रत्येकाची करून घ्या, ओळखीचा असला तरी. आणि प्रतिनियुक्तीवर कुणी शिक्षा म्हणून पाठवलेला येत असेल तर शक्य तितकं टाळा. तो आपली शिक्षा मुलांवर काढतो.

सुट्ट्यांकडे फार थोडे लक्ष देतात. शाळा मेमध्ये बंद, दिवाळीत बंद, गृह मात्र 365 दिवस चालू. आमच्याकडची भांडणं, पळून जाण्याचे प्रयत्न हे सगळं दुपारी दोन ते पाच आणि सुटीच्या आठवड्यांत जास्त व्हायचं. रिकामं डोकं आणि उकाडा. शिक्षण विभागाकडून आलेले शिक्षक दीर्घ सुटी विभागातले, त्यांना मेमध्ये बोलावलं की अर्जित रजेचा प्रश्न येतो, आणि तो रास्तच आहे. आम्ही तोडगा असा काढला की दोघांनी सुटी निम्मी-निम्मी वाटून घ्यायची आणि केलेल्या कामाचं पत्र अधीक्षकांकडून घेऊन ठेवायचं, म्हणजे रजा खात्यावर चढवता येते. तीन माणसं असतील तर हे सुसह्य होतं. तिसरं पद मागताना सुटीतल्या घटनांची गृहाची नोंद आणि शाळेच्या दिवसांतली नोंद शेजारीशेजारी मांडा. अधीक्षकांना पट कळत नाही, पण पळून गेलेलं मूल त्यांना बरोबर कळतं. तुमच्या बाजूने बोलायला एवढं कारण त्यांना पुरतं.

दहावीचं घाईने सांगतो, कारण तारखा हुकतात. शाळेत नाव असलेल्या मुलाची परीक्षा त्याच शाळेतून होते. केंद्रावर न्यायचं असेल तर बाल न्याय मंडळाची परवानगी आणि सोबतचा पोलीस साध्या वेषात, हे आधी लेखी मागा. बेडीचा तर प्रश्नच नाही. नाव नसलेल्यांसाठी खाजगीरीत्या बसायचा 17 नंबरचा फॉर्म: वय 14 पूर्ण आणि किमान पाचवी उत्तीर्ण हवी, म्हणजे आपली बरीच मुलं बसतात. त्याहून मागे राहिलेल्यांसाठी राज्य मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी-आठवी आहे, राष्ट्रीय मुक्त विद्यालयही आहे. फॉर्मवर पत्ता गृहाचा नाही, घरचा. मुलगा मधेच सुटला तर हॉलतिकीट घरी जायला हवं.

आता मागणी कुठे लावायची. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे नेलंत तर ते पट विचारणार, दुसरं त्यांच्या हातात नाही. मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयानंतर तर लहान पटाच्या सगळ्याच शाळांच्या पोटात गोळा आलाय. तुमचा रस्ता दुसरा आहे. कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळाने गृहाची महिन्यातून किमान एक भेट घ्यायची असते आणि जिल्हा तपासणी समितीने तीन महिन्यांतून एकदा. या भेटीत बहुतेक वेळा जेवण, पांघरुणं, संडास बघतात, शाळेत डोकावून 'छान' म्हणतात. त्या दिवशी वर्गात चहा-बिस्किटं मांडू नका. ये-जा वहीचा वर्षाचा गोषवारा एका पानावर ठेवा: आले किती, दहा दिवसांत गेले किती, तीन महिन्यांवर राहिले किती, वाचता न येणारे किती, वयोगट किती, शिक्षक किती. नाव एकाचंही नाही. आणि विनंती करा की जे बघितलं ते शेरेबुकात लिहावं. तोंडी कौतुकाला किंमत नाही. शेरेबुकातल्या ओळीला अधीक्षकांना उत्तर द्यावं लागतं, त्यांना ते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे पाठवावं लागतं, आणि तिथून ते पुण्याच्या आयुक्तालयाकडे सरकतं.

आमच्या प्रधान न्यायदंडाधिकारी बाईंनी ते पान उभ्याउभ्याच वाचलं होतं. मग म्हणाल्या, 'हे 114 तुमच्या हजेरीपटात का नाहीत?' मी म्हटलं, हजेरीपटात एका वेळी 14च मावतात. त्यांनी शेरेबुक मागवलं आणि अडीच ओळी लिहिल्या: तीन वयोगट एकाच खोलीत बसतात, शिक्षक दोन, तिसऱ्याची व्यवस्था करून अहवाल द्यावा. त्यावर तीन स्मरणपत्रं, दोन त्रुटी, एक बदललेला अधिकारी. चौदा महिन्यांनी तासिका तत्त्वावर तिसरा शिक्षक मिळाला. तो हजर झाला त्या सकाळी पट होता सात, आणि आदेशावर सही घेणारे कारकून मला म्हणाले, 'सर, सात पोरांना तीन मास्तर?' मी त्यांच्यासमोर ये-जा वही ठेवली. त्यांनी पानं उलटली, आणि तेवढ्यात गेटवर गाडी थांबल्याचा आवाज आला. आठवा मुलगा आला होता.